नाव काढणारी माणसं आणि मागे राहिलेलं गाव



सुरुवात आपल्याच एका शब्दप्रयोगापासून करू. 'पोरीने गावाचं नाव काढलं' असं आपण कौतुकाने म्हणतो. आणि त्याच पोरीचे वडील दाखला मागायला शाळेत गेले की हेडमास्तर विचारतात, 'शाळेतून नाव काढताय का?' शब्द तेच. एका ठिकाणी नाव उजळतं, दुसऱ्या ठिकाणी ते पटावरून जातं. आज ज्या गावांबद्दल आम्ही बोलणार आहोत, तिथे या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकदमच घडल्या.

एक उदाहरण घ्या. कॅथरिन जॉन्सन हे नाव आता आपल्याकडेही माहीत झालंय. नासामध्ये अंतराळयानांच्या मार्गाची गणितं करणारी कृष्णवर्णीय बाई. १९१८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हाईट सल्फर स्प्रिंग्ज नावाच्या डोंगराळ गावात तिचा जन्म झाला. गावाला तिचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण त्या गावात कृष्णवर्णीय मुलांची शाळा आठवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर सव्वाशे मैलांच्या आसपास दूर असलेल्या इन्स्टिट्यूट या गावी जायचं. आई मुलांना घेऊन तिकडे बिऱ्हाड करून राहायची आणि वडील कामासाठी मागे थांबायचे. तिने गावाचं नाव काढलं हे खरं, पण त्याआधी तिला गावातून नाव काढावं लागलं होतं.

आम्ही म्हणजे आमचा वाचनगट. अशा गावांतून निघालेल्या माणसांची पुस्तकं आणि गाणी आम्ही एकत्र बसून वाचली, ऐकली. इथे बोलणारा एकच असला तरी मतं सगळ्यांची आहेत. जिथे आमचं जमलं नाही, तिथे तसं सांगूच.

आधी प्रदेशाबद्दल थोडं. अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचियन डोंगररांगा आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण टोकापासून खाली मिसिसिपीपर्यंत, १३ राज्यांत या प्रदेशाचा विस्तार धरतात. १९६५ साली सरकारने त्याच्या विकासासाठी वेगळा आयोग नेमला. वेस्ट व्हर्जिनिया हे एकच राज्य त्यात पूर्णच्या पूर्ण येतं. या डोंगरांत कोळसा सापडला आणि कंपन्यांनी गावं वसवली. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. कितीतरी ठिकाणी मजुरीसुद्धा कंपनीच्या बिल्ल्यांत मिळायची आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालायचे. जमिनीखालचा कोळसा मात्र बहुतेक ठिकाणी बाहेरच्या मालकांचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर खाणीत मोठी यंत्रं आली, माणसं नकोशी झाली. १९४० ते १९७० या काळात तीस लाखांहून जास्त लोक हा प्रदेश सोडून गेले. वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीचं उदाहरण बघा. आपल्या जिल्ह्यापेक्षा लहान, तालुक्यासारखा भाग समजा. १९५० च्या जनगणनेत तिथे ९८,८८७ माणसं होती. २०२० मध्ये उरली १९,१११.

हा आकडा लक्षात ठेवा. कारण 'एवढ्याशा गावातून एवढा मोठा माणूस निघाला' असं आपण म्हणतो तेव्हा बाहेर पडणं हेच काहीतरी अचाट होतं असं वाटतं. बाहेर तर सगळेच पडत होते. थोर होणारे त्यातले अगदी थोडे. म्हणून या पुस्तकांना आम्ही एकच प्रश्न विचारत गेलो. जो गेला त्याची गोष्ट तर असतेच. जे मागे राहिले, त्यांना पुस्तकात काय काम दिलंय?

पहिलं पुस्तक जुनं आहे. बुकर टी. वॉशिंग्टन हे नाव मराठी वाचकाला बहुधा वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे ठाऊक असतं. कार्व्हरला टस्कीगीला बोलावून घेणारे ते हेच. त्यांचा जन्म व्हर्जिनियातला, गुलामगिरीतला. १८६५ साली मुक्तता झाल्यावर त्यांचं कुटुंब डोंगर ओलांडून वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन या गावी आलं. तिथे मिठाच्या भट्ट्या होत्या. लहानगा बुकर पहाटे चारला उठून भट्टीवर जायचा. सावत्र वडिलांनी भरलेल्या पिंपांवर त्यांच्या नावचा १८ हा आकडा घातलेला असायचा. आयुष्यात पहिल्यांदा वाचता आलेली गोष्ट कुठली, तर हा आकडा. पुढे कोळशाच्या खाणीतही त्यांनी काम केलं.

'अप फ्रॉम स्लेव्हरी' हे त्यांचं आत्मचरित्र १९०१ चं. कष्ट करा, स्वच्छ राहा, वर या, असा त्याचा एकूण सूर. आजच्या वाचकाला तो उपदेशाचा वाटतो, आम्हालाही वाटला. पण १८७२ साली ते हॅम्प्टनच्या शाळेकडे निघाले तो प्रसंग पुन्हा वाचा. गावातली म्हातारी माणसं, जन्मभर गुलामीत राहिलेली, निरोप द्यायला आली. कुणी पाच सेंटचं नाणं दिलं, कुणी पंचवीस सेंट, कुणी हातरुमाल. आपल्यातलं कुणीतरी शाळेत राहून शिकायला चाललंय, हा दिवस बघायला मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. पुस्तकभर स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा मंत्र सांगणारा हा माणूस त्या नाण्यांचा हिशेब मात्र विसरत नाही. उपदेशापेक्षा हा हिशेब आम्हाला जास्त खरा वाटला. आणि शिकून झाल्यावर, १८७५ साली, ते पहिल्यांदा शिकवायला परत गेले ते माल्डनलाच.

आता एका गाण्याकडे येऊ. केंटकी राज्यात व्हॅन लिअर हे कंपनीने वसवलेलं कोळशाचं गाव आणि त्याच्या कुशीत बुचर हॉलो. हॉलो म्हणजे दोन डोंगरांच्या मधली अरुंद घळ. तिथे १९३२ साली लोरेटा लिन जन्मली, आठ भावंडांतली दुसरी. वडील खाणीत. लग्न होऊन ती थेट वॉशिंग्टन राज्यात, देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे नवऱ्याने घेऊन दिलेल्या स्वस्तातल्या गिटारवर गाणी रचू लागली. वडील १९५९ मध्ये वारले, तिचं पहिलं गाणं १९६० मध्ये आलं. मुलीचं नाव झालेलं बापाने पाहिलं नाही.

१९७० साली तिने 'कोल मायनर्स डॉटर' हे गाणं काढलं. कोळसा काढणाऱ्याची मुलगी. मुळात ते बरंच लांब होतं, मुद्रणाच्या वेळी काही कडवी गाळावी लागली. जे उरलं त्यात बघा, गाणारी स्वतः फारशी नाहीच. रात्री खाणीत आणि दिवसा शेतात राबणारा बाप आहे. कपडे घासून बोटं सोललेली आई आहे. मुलांना वर्षाचे बूट कुठल्या पैशातून आले, तेही आहे. शेवटी ती परत येते तेव्हा तिथे कुणी राहत नसतं. तीन मिनिटांत एका घराचं पूर्ण अंदाजपत्रक मांडलंय म्हणा ना! 'मी कशी वर आले' याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

याच नावाचं तिचं आत्मचरित्र १९७६ मध्ये आलं आणि १९८० मध्ये सिनेमा. त्यातल्या कामाबद्दल सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं. पुस्तक मोकळं आहे, हसवतं. पण एका जागी आम्ही अडखळलो. लग्नाच्या वेळी आपण चौदा वर्षांच्याही आत होतो, असं त्यात म्हटलंय. २०१२ साली जन्माची आणि लग्नाची कागदपत्रं बातमीदारांनी बाहेर काढली, त्यांवरून ती पंधरा वर्षांची होती. आता यात लबाडी शोधायला आम्हाला रस नाही. गाण्याबजावण्याच्या धंद्यात बायकांना वय कमी करूनच सांगावं लागतं, हा दोष त्या धंद्याचा. पंधरा हे वयसुद्धा काही लग्नाचं नव्हे. आम्हाला खटकलं ते वाचकाचं वागणं. शहरातल्या वाचकाने तो आकडा इतकी वर्षं चवीने सांगितला, कारण घळीतलं गाव असंच असणार असं त्याने आधीच ठरवलं होतं. गाव जितकं मागास, तितकी बाहेर पडणारी थोर, असं हे सोपं गणित. आणि हे गणित बहुतेक वेळा वाचक मांडतो, लेखक नाही.

हेच गणित सिनेमावाले कसं मांडतात, ते पुढच्या पुस्तकात दिसतं. आमच्यातल्या शिक्षकांचं हे लाडकं पुस्तक. होमर हिकमचं 'रॉकेट बॉईज', १९९८ चं. गाव कोलवूड, मघाशी सांगितलेल्या मॅकडॉवेल काउंटीतलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि कोलवूडच्या पोरांनी ठरवलं, आपणही रॉकेट बनवायचं. होमरचे वडील खाणीचे प्रमुख. पोराने खाणीतला इंजिनियर व्हावं ही त्यांची इच्छा. फ्रीडा रायली नावाच्या शिक्षिका पाठीशी उभ्या राहतात. जस्ताची भुकटी आणि डोंगरात चोरून गाळलेली दारू यांचं इंधन होतं. १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पदक मिळतं आणि होमर पुढे नासात इंजिनियर होतो.

पहिल्यांदा वाचताना आम्ही हे बक्षीस द्यायचं पुस्तक म्हणूनच वाचलं. जिद्द, चिकाटी, वगैरे. दुसऱ्यांदा वाचताना लक्ष गेलं ते कंपनीच्या यंत्रशाळेकडे. रॉकेटच्या शेपटाला जी पोलादी नळी लागते, ती आतून नेमक्या मापाने कातावी लागते. पोरांनी गणित केलं, पण नळी कातली कुणी? यंत्रशाळेतल्या कामगारांनी, आपला वेळ काढून, कंपनीच्या लेथवर. प्रदर्शनात मांडलेल्या नळ्या चोरीला जातात तेव्हा गावातलेच कारागीर नव्या कातून देतात आणि त्या बसने पाठवल्या जातात. म्हणजे ज्या खाणीतून पोराला 'वाचवायचं', त्याच खाणीच्या कौशल्यावर त्याचं रॉकेट उडतं. हिकमने हे लपवलेलं नाही. बापालाही त्याने खलनायक केलेलं नाही. खाणीवर जीव असलेला, कामात तरबेज, पोराशी बोलता न येणारा असा तो बाप आहे.

पण १९९९ चा 'ऑक्टोबर स्काय' हा सिनेमा बघा. त्यात बापाला अपघात होतो आणि होमर शाळा सोडून खाणीत उतरतो. प्रत्यक्षात त्याने शाळा सोडलीच नव्हती. हा बदल का केला असेल? आकाश आणि पाताळ अशी जोडी करायला. वर रॉकेट, खाली अंधार. मग कारागिरांचं काम उरतं ते टाळ्या वाजवण्याचं. सिनेमा सुंदर आहे, आम्हीही डोळे पुसले. तरी त्याने गावाला फक्त उड्डाणाची जमीन करून टाकलं, ही आमची तक्रार आहे. कोलवूडची खाण १९८६ मध्ये बंद पडली. ते कामगार पुढे कुठे गेले, हा प्रश्न सिनेमाला पडत नाही.

आमच्या मते या सगळ्यांत सरस पुस्तक हेन्री लुई गेट्स यांचं, 'कलर्ड पीपल', १९९४ चं. गेट्स हे हार्वर्डचे मोठे प्राध्यापक. लोकांच्या पूर्वजांचा शोध घेणारा त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रमही गाजलेला. ते वाढले पीडमॉन्टमध्ये. वेस्ट व्हर्जिनियाचंच गाव, पोटोमॅक नदीच्या काठी. पलीकडच्या तीरावर कागदाचा मोठा कारखाना. गाव सगळं त्याच्यावर चालायचं. कृष्णवर्णीय पुरुषांना तिथे काम मिळायचं ते माल चढवण्याच्या फलाटावर, कुशल कामाला त्यांना दार बंद. १९६८ पर्यंत हे असंच चाललं. गेट्स यांचे वडील दिवसा त्या कारखान्यात आणि संध्याकाळी टेलिफोन कंपनीत झाडलोट करायचे.

एक प्रसंग सांगतो. चौदाव्या वर्षी खेळताना त्यांच्या कंबरेच्या हाडाला इजा झाली. गोऱ्या डॉक्टरने मुलाला विचारलं, मोठा होऊन काय होणार? मुलगा म्हणाला, डॉक्टर. शास्त्राचे चार प्रश्न विचारले, त्यांची उत्तरंही त्याने बरोबर दिली. मग डॉक्टरने आईला सांगितलं, याला शरीराचं काही झालेलं नाही, दुखणं मनाचं आहे, हा पोरगा आवाक्याबाहेरचं बघतोय. प्रत्यक्षात हाड मोडलं होतं. एक पाय कायमचा आखूड राहिला. 'नाव काढेल' असा पोरगा समोर असताना गाव त्याच्याकडे कसं बघतं, हे याहून नेमकं सांगता येणार नाही.

इतकं सोसलेल्या माणसाने गावाला शिव्या घातल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. गेट्स यांनी वेगळंच केलं. पुस्तकाची सुरुवात त्यांनी आपल्या मुलींना लिहिलेल्या पत्राने केली. तुम्हाला हे जग बघायला मिळणार नाही, म्हणून लिहून ठेवतो, असा त्याचा भाव. मग येतात न्हाव्याचं दुकान, केस सरळ करण्याचे खटाटोप, चर्च, मामांचा गोतावळा, कोण कुणाशी भांडलं, कोण कुणाबरोबर पळालं. मोठेपणाच्या वाटेवरचा टप्पा म्हणून यातलं काहीच येत नाही. ती माणसं आपापल्या जागी पूर्ण आहेत.

शेवट कारखान्याच्या सहलीवर. दरवर्षी कंपनी कृष्णवर्णीय कामगारांची वेगळी सहल काढायची. सगळ्या गावाचं ते स्नेहसंमेलन. विभक्त सहली कायद्यात बसेनात, म्हणून ती बंद झाली. भेदभाव संपला हे चांगलंच झालं, आणि सहल गेली हेही वाईट झालं. गेट्स दोन्ही वाक्यं एकाच वेळी म्हणतात, एकाने दुसरं खोडत नाहीत. आमच्या गटात सर्वांत लांब चर्चा याच पानांवर झाली. अन्यायाच्या कुंपणात माणसांनी स्वतःसाठी काही उभं केलेलं असतं. कुंपण पाडताना तेही पडतं. हे म्हणणं म्हणजे कुंपणाची बाजू घेणं नव्हे. तो कागदाचा कारखानाही २०१९ मध्ये बंद झाला.

आता उलट बाजूचं पुस्तक. जे. डी. व्हान्स यांचं 'हिलबिली एलेजी', २०१६ चं. ते आज अमेरिकेचे उपाध्यक्ष आहेत, पण आम्ही पुस्तकाबद्दलच बोलू. त्यांचे आजी-आजोबा केंटकीतल्या जॅक्सन गावचे. पोटासाठी ओहायोतल्या मिडलटाऊनला पोलादाच्या कारखान्याकडे आले. व्हान्स वाढले मिडलटाऊनला, उन्हाळ्यात जॅक्सनला. आईचं व्यसन, घरातली मारहाण, आणि सगळ्यांतून नातवाला ओढून काढणारी शिवराळ, जिवाला जीव देणारी आजी. आजीची पानं अस्सल आहेत. आमच्यातल्या एकीने आग्रहाने सांगितलं की स्वतःच्या घराची गोष्ट सांगायचा हक्क कुणाचा हिरावून घेऊ नका. ते आम्हाला मान्य आहे.

पण घराची गोष्ट सांगता सांगता लेखक समाजाचा निवाडा करू लागतो, तिथे आमचं बिनसलं. मी निघालो, मग बाकीचे का नाही? कारण त्यांच्या सवयी वाईट, त्यांची वृत्ती वाईट. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण आपण कोळशाबद्दल वापरतो. हे पुस्तक ती कोळसा खणणाऱ्यांना लावतं. खाणीत यंत्रं कधी आली, जमिनीखालचा कोळसा कुणाच्या मालकीचा, तीस लाख माणसं का निघाली, हे सगळं मग पार्श्वभूमीत ढकललं जातं. आणि कृष्णवर्णीय अ‍ॅपलाचिया तर दिसतच नाही. म्हणजे माल्डन नाही, पीडमॉन्ट नाही, व्हाईट सल्फर स्प्रिंग्जची आठवीपर्यंतची शाळाही नाही.

याला उत्तर त्या प्रदेशातूनच आलं. २०१९ मध्ये 'अ‍ॅपलाचियन रेकनिंग' नावाचा संग्रह वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. तिथल्याच अनेक लेखकांनी त्यात आपापलं म्हणणं मांडलं. एका माणसाच्या आठवणी सगळ्यांचा जबाब म्हणून चालणार नाहीत, असा त्यातल्या टीकेचा रोख. आम्हाला तो पटतो. गावाचं नाव काढणाऱ्याला गावाच्या वतीने बोलायचा मुखत्यारपत्राचा कागद आपोआप मिळत नाही.

कुणी म्हणेल, पुस्तकांत इतकं काय आहे? आहे. एक निघाला म्हणून बाकीचे आळशी ठरले, की मग शाळा, दवाखाना, रस्ता यांवर खर्च कशाला करायचा, हा पुढचा प्रश्न तयारच असतो. कॅथरिन जॉन्सनच्या यशाचा अर्थ 'आठवीपर्यंतची शाळासुद्धा पुरते' असा कुणी काढला तर? तिच्या वर्गात आणखी किती मुली असतील, ज्यांच्या घरच्यांना सव्वाशे मैलांवर दुसरं बिऱ्हाड करणं जमलं नाही, त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. टीका करणाऱ्याने निदान त्यांची रिकामी जागा दाखवायला हवी.

शेवटी एक गाणं सांगून थांबतो. वेस्ट व्हर्जिनियातच स्लॅब फोर्क नावाची कोळशाची छोटीशी वस्ती आहे. १९३८ साली तिथे बिल विदर्स जन्मला. वाढला जवळच्या बेकलीत. बोलताना अडखळायचा. सतराव्या वर्षी नौदलात गेला, नऊ वर्षं काढली, मग कॅलिफोर्नियात कारखान्यात नोकरी. १९७१ च्या त्याच्या पहिल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर तो हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे, कामावर असल्यासारखा. पुढच्या वर्षी त्याचं 'लीन ऑन मी' हे गाणं देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. अडचणीत खांद्यावर भार टाक, मलाही कधीतरी तुझी गरज पडेल, एवढंच ते सांगतं. शेजारी एकमेकांच्या मदतीला धावायचे अशा गावात वाढलो, म्हणून हे सुचलं, असं तो सांगत असे. गाण्यात स्लॅब फोर्कचं नाव कुठेच नाही.

पण त्या गावात माणसं कशी राहायची, ते गाणं ऐकून कळतं. गावाचं नाव काढणं यालाही म्हणता येईल, असं आम्हाला वाटतं.